आश्रय मागणाऱ्या बाईसोबत उभं राहताना : अमेरिकेतल्या देवळा-चर्चमधल्या स्वयंसेवकांसाठी

रविवारची आरती झाली होती, प्रसादाची रांग लागली होती, आणि आमच्यातल्या एका काकूंनी नव्या बाईला अगदी मायेनं विचारलं, "गाव कुठलं गं तुझं? आडनाव काय?" बाईनं हातातली थाळी टेबलावर ठेवली, लेकीचा हात धरला आणि ती निघून गेली. पुढचे तीन आठवडे तिचा फोन लागला नाही. काकूंचा हेतू वाईट नव्हता. आपल्याकडे ओळख सुरूच तिथून होते. गाव कळलं की तालुका कळतो, तालुका कळला की कुणाचे तरी मामेसासरे निघतात. ती बाई नेमकी त्या मामेसासऱ्यांच्या माणसांपासून पळून आली होती.

न्यू जर्सीतल्या एका आंतरधर्मीय गटासोबत मी काही वर्षं हे काम करते. गटात एका चर्चची माणसं आहेत, एका मशिदीतल्या दोघी बहिणी आहेत आणि आमच्या देवळातले आम्ही पाच-सहा जण. बाई असल्यामुळे झालेल्या छळातून सुटून जी इथं आश्रय मागते, तिच्यासाठी अशा गटानं काय करावं आणि काय करू नये, ते खाली लिहिलंय. हा कायद्याचा सल्ला नाही, तो वकिलाकडूनच घ्यायचा. आणि ओळख पटू नये म्हणून प्रसंगांतले तपशील बदलले आहेत.

आधी कायद्यातली गाठ समजून घ्या

१९५१ चा निर्वासितांचा आंतरराष्ट्रीय करार आणि त्यावर बेतलेला अमेरिकेचा १९८० चा कायदा छळाची पाच कारणं मानतात : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत आणि 'विशिष्ट सामाजिक गटाचं' सदस्यत्व. 'स्त्री असणं' या यादीत नाही. त्यामुळे नवऱ्याची मारहाण, जबरदस्तीचं लग्न, मुलींची सुंता (जननेंद्रियाचा भाग कापणं), घराण्याच्या अब्रूसाठी जिवावर उठलेले भाऊ, हे सगळं या पाचांपैकी एका खणात बसवून दाखवावं लागतं. शिवाय तिथलं सरकार तिला वाचवू शकलं नाही किंवा वाचवायला तयार नव्हतं, हेही दाखवावं लागतं.

यातला पहिला मोठा निकाल आमच्या अंगणातला आहे. डिसेंबर १९९४ मध्ये टोगो देशातली सतरा वर्षांची फौझिया कासिंदजा न्यूअर्क विमानतळावर उतरली. पासपोर्ट दुसऱ्याचा होता. तिनं ते अधिकाऱ्याला स्वतःच सांगितलं आणि आश्रय मागितला. घरी सुंता आणि जबरदस्तीचं लग्न वाढून ठेवलं होतं. तिला एलिझाबेथ गावातल्या कोठडीत टाकलं, मग पेनसिल्व्हेनियात हलवलं. सोळा महिने ती आत होती. १३ जून १९९६ ला इमिग्रेशन अपील मंडळानं तिला आश्रय दिला आणि सुंतेची भीती हा छळ आहे हे मान्य केलं. तिच्यासाठी धडपडलेली एक तरुणी, लेली मिलर, तेव्हा कायद्याची विद्यार्थिनी होती. ती बहाई धर्माची. पुढच्याच वर्षी तिनं संस्था काढली आणि एकोणिसाव्या शतकात इराणमध्ये बुरखा उतरवून उभी राहिलेली, १८५२ मध्ये ठार मारली गेलेली बाबी पंथातली (बहाई धर्म त्यातूनच पुढे निघाला) कवयित्री ताहिरी हिचं नाव तिला दिलं. ताहिरी जस्टिस सेंटर ते हेच. संस्था कुणाच्या धर्मप्रचाराचं काम करत नाही, पण तिचं मूळ श्रद्धेत आहे, आणि हा फरक पुढे आपल्या कामाला येणार आहे.

त्यानंतरचा रस्ता सरळ नाही. ग्वाटेमालाच्या रोडी अल्वाराडोनं नवऱ्याच्या अमानुष मारहाणीतून सुटून १९९५ मध्ये अमेरिका गाठली. न्यायाधीशांनी आश्रय दिला, १९९९ मध्ये अपील मंडळानं तो काढून घेतला, आणि पुन्हा मिळाला तो डिसेंबर २००९ मध्ये. २०१४ मध्ये मंडळानं घरातल्या हिंसेची एक केस मान्य केली. २०१८ मध्ये ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, जेफ सेशन्स यांनी तो दरवाजा जवळजवळ लावून टाकला, २०२१ मध्ये पुढच्या सरकारनं उघडला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा लावला गेला. एवढं सगळं का सांगते? मागच्या वर्षी कुणाला मिळालं म्हणून हिलाही मिळेल, असं तिला कधीही सांगू नका. "काळजी करू नकोस, सगळं ठीक होईल" हे वाक्य आमच्या गटात बंद आहे.

सामाजिक गटाची वाट अशी अरुंद झाली की वकील धर्म आणि राजकीय मत हे आधारही जोडीला मांडतात. अमुक वेश करायला, अमुकाशी लग्न करायला जी बाई नकार देते, तिचा छळ 'धर्म सोडला' म्हणून किंवा 'बायकांना डोक्यावर बसवते' म्हणूनही होत असतो. तिथला धर्म, तिथला रिवाज रोजच्या जगण्यात काय मागतो, हे सांगणारं माणूस देवळात, मशिदीत, गुरुद्वारात भेटतं. आपली खरी गरज इथं लागते.

गट उभा करताना

पाच-सहा जण पुरे. तिच्याशी रोजचा संपर्क मात्र एकीचाच ठेवा, शक्यतो बाईचा. एक जण तारखा सांभाळणारा, एक गाडी चालवणारा, एक पैशांचा हिशेब ठेवणारा. दुभाषी कोण आणि न्यायालयासाठी पत्र लिहिणारं कोण, हे पहिल्याच बैठकीत ठरवा आणि ती दोन माणसं वेगळी ठेवा. कारण पुढे येईल.

पहिल्याच बैठकीत एक नियम लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या : मदतीसाठी आरतीला, प्रार्थनेला, सत्संगाला येण्याची अट नाही, आणि तसं सुचवायचंही नाही. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवा मुलींसाठी त्याच्यासारखी जागा नव्हती. पण तिथं मुली ख्रिस्ती होतात या वादावरून १८९३ मध्ये पालकांनी मुली काढून नेल्या आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही बाजूला झाले. त्या वादात कुणाचं किती बरोबर यावर आजही पुण्यात दोन तट पडतील. मला त्यातून एवढंच दिसतं की आधार आणि धर्म यांची गाठ संशयापुरतीही पडली, तरी घराबाहेर निघावं लागतं ते मुलीलाच.

आणि हो, गाव-आडनाव विचारायचं नाही. आम्ही प्रसादघरातल्या मंडळींना आता आधीच सांगतो : "नवीन कुणी आलं तर 'चहा घेणार का?' एवढंच विचारा."

वकील आणि तारखा

इमिग्रेशनच्या केसमध्ये सरकार वकील देत नाही. फौजदारी खटल्यासारखं इथं नसतं. परवडत नसेल तर विनामूल्य काम करणाऱ्या संस्था आहेत. न्याय खात्याची मान्यता असलेले, वकील नसूनही केस लढवू शकणारे प्रतिनिधी अनेक धार्मिक संस्थांत असतात. कॅथलिक संस्थांचं जाळं असलेली 'क्लिनिक' ही कायदेमदतीची संस्था १९८८ पासून आहे, ज्यू समाजाची 'हायस' ही संस्था त्याहून कितीतरी जुनी. दक्षिण आशियाई बायकांसाठी न्यू जर्सीत 'मानवी' १९८५ पासून काम करते. छळ मायदेशात नाही तर इथं, अमेरिकेत झाला असेल, तर मार्ग वेगळे असू शकतात, म्हणून आश्रयाचा अर्ज भरायच्या आधीच अशा ठिकाणी विचारा. "मी फॉर्म भरून देतो, वकील कशाला" म्हणणाऱ्या ओळखीच्या 'एजंट'पासून तिला लांब ठेवा. रचलेली गोष्ट अर्जात घातली तर तो अर्ज खोटा ठरतो आणि तिच्यासाठी इमिग्रेशनचे सगळे दरवाजे कायमचे बंद होऊ शकतात.

आता तारखा. आमच्या गटाकडे एक साधी शंभर पानी वही आहे, आणि तिच्या पहिल्या पानावर हे असतं :

— अमेरिकेत आल्याची तारीख. तिथून एका वर्षाच्या आत आय-५८९ हा आश्रयाचा अर्ज जायला हवा. उशीर माफ होण्याची कारणं आहेत, पण ती सिद्ध करावी लागतात. मुदत उलटली तरी परत पाठवणी रोखण्याचे दुसरे मार्ग असतात, म्हणून "आता काय उपयोग" म्हणून घरी बसू नये.

— पत्ता बदलल्याची तारीख. केस न्यायालयात असेल तर पाच दिवसांत न्यायालयाला कळवायचं, आणि इमिग्रेशन खात्याला दहा दिवसांत. हे दोन वेगळे फॉर्म आहेत. एकानं काम भागत नाही.

— पुढची सुनावणी. ती चुकली तर तिच्या गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम निघू शकतो. 'ए' अक्षरानं सुरू होणारा तिचा नंबर टाकून न्यायालयाच्या फोनसेवेवर दर आठवड्याला तारीख तपासा. तारखा पुढे जातात तशा अलीकडेही येतात.

— शुल्क. पूर्वी अर्ज फुकट होता. २०२५ च्या कायद्यानं अर्जाला १०० डॉलर लावले आणि केस चालू असेपर्यंत दरवर्षी आणखी १०० डॉलर. कामाच्या परवान्याचं शुल्क वेगळं. हे नियम हल्ली झपाट्यानं बदलतात, म्हणून भरायच्या आदल्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पाहा. गटानं पैसे भरले तर पावतीची प्रत तिच्या फाइलमध्ये.

तिची गोष्ट तिचीच

गोष्ट वकिलाला सांगायची असते, आपल्याला नाही. आपल्याशी झालेलं बोलणं वकिलाशी झालेल्या बोलण्यासारखं कायद्यानं झाकलेलं नसतं. व्हॉट्सॲपवर तिनं एक तारीख लिहिली आणि अर्जात दुसरी आली, तर तोच मेसेज तिच्यावर उलटू शकतो. ती आपणहून बोलली तर ऐका. खणून काढू नका आणि टिपणं ठेवू नका.

तारखा बसवायला मात्र मदत करता येते, वकिलानं सांगितलं तर. आपल्याकडच्या बाया कॅलेंडरनं आठवत नाहीत. "दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी भाऊ बंदूक घेऊन आला." कुठली दिवाळी? "धाकटीच्या जन्माच्या साली." धाकटी २०१९ ची. त्या वर्षीचं लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं, म्हणजे नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. आम्ही जुनं पंचांग उघडून बसतो आणि वकील 'सुमारे' हा शब्द घालून ते लिहितो. अचूक तारखेचा आव आणण्यापेक्षा 'सुमारे' कितीतरी सुरक्षित. तीच गोष्ट जन्मतारखेची. आपल्या आजोबांच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला, कारण मास्तरांनी शाळेत घालताना तोच टाकला. अफगाण बायकांच्या कागदांवर १ जानेवारी दिसते. इथल्या अधिकाऱ्याला ते बनावट वाटू शकतं. तसं नाही हे समजावणारं दोन ओळींचं निवेदन आधीच जोडलेलं बरं.

दुभाष्याचं काम

मराठी माणसाकडे इथं मोठी शिदोरी आहे. हिंदी येते, बऱ्याच जणांना गुजराती येते, काहींना उर्दू नीट समजते. न्यायालयात दुभाषी सरकार देतं. पण केस न्यायालयात नसेल आणि इमिग्रेशन खात्याच्या कार्यालयात मुलाखत असेल, तर सप्टेंबर २०२३ पासून दुभाषी अर्जदारानं स्वतः आणायचा आहे. तो अठरा वर्षांवरचा हवा. तिचा वकील, तिचा साक्षीदार, तिच्या देशाच्या सरकारचा माणूस किंवा स्वतः आश्रयाच्या रांगेत असलेला माणूस चालत नाही. म्हणूनच पत्र लिहिणारं आणि दुभाषी वेगळे ठेवा म्हटलं : पत्र दिलं की तुम्ही साक्षीदारात जमा.

भाषा येते म्हणजे दुभाषीपण येतं असं नाही, हे मी ठेच लागून शिकले. वकिलाच्या खोलीतला सराव चालू होता. ती म्हणाली, "वो ज़बरदस्ती करता था." मी इंग्रजीत सांगितलं की तो तिला जबरदस्तीनं कामं करायला लावायचा. वकिलानं पुढचा प्रश्न विचारला, ती गप्प झाली, आणि मला पाच मिनिटांनी कळलं की तिनं आयुष्यात पहिल्यांदा जे तोंडातून काढलं होतं, ते मी भांडी घासण्यावर नेऊन ठेवलं. आपल्या भाषांत ही गोष्ट सरळ शब्दांत कुणी सांगत नाही. 'जवळ यायचा', 'त्रास द्यायचा', 'इज्जत गेली'. अशा वेळी अर्थ स्वतः लावायचा नाही. जो शब्द आला तो जसाच्या तसा सांगायचा आणि म्हणायचं, "या शब्दाचे एकाहून जास्त अर्थ होतात, तिला विचारा." 'मारलं' म्हणजे हाणलं की जीव घेतला, हिंदीतला 'कल' म्हणजे काल की उद्या, हेही तसंच विचारून घ्यायचं.

खोलीत पुरुष असेल तर ती बोलणार नाही. अधिकारी आणि दुभाषी दोन्ही बायका असाव्यात अशी विनंती करता येते, ती वकिलामार्फत आधी करा. कागदपत्रांचं भाषांतर केलंत तर खाली 'मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर बरोबर आहे' असं सहीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याच्याशिवाय कागद घेत नाहीत.

समर्थनाचं पत्र

देवळाच्या लेटरहेडवर "ही अत्यंत सोज्वळ, धर्मपरायण स्त्री आहे" असं लिहून देण्याची आपल्याला हौस असते. न्यायाधीशांना त्याचा उपयोग नाही, आणि सोज्वळ नसलेल्या बाईला मार पडला तर चालतो की काय, असा उलटा वास त्यातून येतो.

स्वतः पाहिलेलं तेवढं लिहा. "मी त्यांना मार्चपासून ओळखते. दर रविवारी मी त्यांना गाडीतून आणते. माझा नवरा मागून खोलीत आला की त्या दचकून उठतात. मुलीच्या शाळेत फोटो काढू नये असं त्यांनी माझ्यादेखत शिक्षिकेला सांगितलं." एवढं पुरे. छळाची हकिकत लिहू नका, ती तुम्ही पाहिलेली नाही आणि तुमच्या आवृत्तीत एखादी तारीख सरकली तर नुकसान तिचं. पत्राखाली 'खोटं असल्यास शिक्षेस पात्र' अशी प्रतिज्ञा, सही, तारीख आणि ओळखपत्राची प्रत.

दुसऱ्या प्रकारचं पत्र पुजारी, मौलवी, ग्रंथी किंवा त्या भागाचा अभ्यास असलेल्या माणसाचं. पळून लग्न केलेल्या मुलीला त्या भागातल्या जातपंचायती काय करतात, धर्मग्रंथ काय म्हणतो आणि गाव काय करतं यातला फरक, पोलीस तक्रार घेतात की मुलीला घरी नेऊन सोडतात. इथं आपल्या मंडळींची पंचाईत होते, कारण खरं लिहायचं तर आपल्याच समाजाबद्दल वाईट लिहावं लागतं. आमच्या देवळाच्या विश्वस्तांत यावरून दोन बैठका भांडण झालं. "परदेशात आपली अब्रू कशाला?" असा एक सूर होता. शेवटी पत्र गेलं, पण संस्थेच्या नावानं नाही, दोन व्यक्तींच्या नावानं. तसंही चालतं.

सुनावणीच्या दिवशी

पहिली सुनावणी बहुधा काही मिनिटांचीच असते आणि तिच्यासाठी तीन तास बाकावर बसावं लागतं. डबा, पाणी, पोरासाठी रंगकाम. पुराव्याची मुख्य सुनावणी बंद दाराआड हवी असं ती सांगू शकते, त्यामुळे आत किती जण बसणार ते तिनं ठरवायचं. आम्ही दहा जण जाऊन बसलो की न्यायाधीशांवर छाप पडेल असं आपल्याला वाटतं. तिला मात्र दहा ओळखीच्या माणसांसमोर ते सगळं बोलावं लागतं.

मे २०२५ पासून इमिग्रेशन न्यायालयांच्या कॉरिडॉरमध्येच लोकांना ताब्यात घेण्याचे प्रकार सुरू झाले. म्हणून निघण्याआधी वकिलाशी बोला, आणि एका कागदावर तिचा ए-नंबर, वकिलाचा फोन, तिची औषधं आणि मुलांना शाळेतून कुणी आणायचं त्याचं नाव लिहून तो सोबत जाणाऱ्याकडे ठेवा. वकिलाचा नंबर तिला पाठ हवा, कारण फोन काढून घेतात. असं काही घडलं तर तुम्ही मध्ये पडू नका, धक्काबुक्की तर नाहीच. वेळ, जागा आणि तिला कुठं नेतायत ते विचारून लिहून घ्या आणि तिथूनच वकिलाला फोन लावा.

देवळाचं दार

प्रार्थनास्थळात शिरून कारवाई टाळण्याचं जुनं धोरण सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये रद्द केलं. त्याविरुद्ध क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी न्यायालयात गेली, त्यांच्यासोबत बॅप्टिस्टांची एक संघटना आणि सॅक्रामेंटोचं गुरुद्वारा होतं. फेब्रुवारीत मेरीलँडच्या न्यायाधीशांनी कारवाईला मनाई केली, पण ती त्या अर्जदारांपुरतीच. बाकीच्यांनी आपल्या वकिलाला विचारून ठेवावं : सभामंडप सगळ्यांना खुला, पण स्वयंपाकघर, कार्यालय, पाळणाघर यांच्या दारावर 'खाजगी' पाटी असावी. अधिकारी आले तर वॉरंटवर न्यायाधीशाची सही आहे की खात्याच्याच अधिकाऱ्याची, हे पाहणारा एक शांत डोक्याचा माणूस नेमलेला असावा. लपवाछपवी आमच्या कामात बसत नाही. १९८२ मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉनच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चनं मध्य अमेरिकेतल्या निर्वासितांना जाहीरपणे आश्रय दिला आणि १९८६ मध्ये त्या चळवळीतले आठ जण दोषी ठरले. त्यांनी किंमत माहीत असून ती मोजली. तसं करायचं तर डोळे उघडे ठेवून करावं, भरात येऊन नाही.

जाहीरपणे बोलायचं असेल तर

खासदाराच्या स्थानिक कार्यालयाला तिच्या सहीच्या संमतिपत्रासह अडकलेल्या अर्जाची चौकशी करायला सांगता येतं. ते न्यायाधीशांना काही सांगू शकत नाहीत, पण खात्यात हरवलेली फाइल कधीकधी सापडते. आश्रयाचे नवे नियम येतात तेव्हा लोकांच्या हरकती मागवतात. जून २०२० च्या कडक मसुद्याला फक्त तीस दिवस दिले होते. छापील नमुन्यावर शंभर सह्या पाठवण्यापेक्षा आपल्या अनुभवाची दहा वेगवेगळी पत्रं पाठवा. करमुक्त धार्मिक संस्थेनं धोरणाबद्दल मर्यादेत बोलायला हरकत नाही, उमेदवाराचा प्रचार मात्र करायचा नाही.

स्वतःच्या पंथातही बोलता येतं. सेशन्स यांनी २०१८ मध्ये सीमेवर मुलांना आईबापांपासून तोडण्याच्या धोरणाच्या समर्थनासाठी बायबल पुढे केलं, तेव्हा त्यांच्याच युनायटेड मेथडिस्ट पंथातल्या ६०० हून अधिक लोकांनी चर्चच्या नियमांखाली त्यांच्याविरुद्ध तक्रार नोंदवली. मला हे फार आवडतं.

एक गोष्ट मात्र नाही : तिला व्यासपीठावर उभी करून बोलायला लावणं. देणग्या जमतात, हे खरं. व्हिडिओ दुसऱ्या दिवशी गावाकडे पोचतो, हेही खरं.

निकालानंतर

नकार आला तर अपिलाची मुदत थोडी असते, त्याच दिवशी वकिलाशी बोला. मिळाला तर वहीत आणखी दोन तारखा लिहायच्या. मागे राहिलेल्या मुलांना आणायचा अर्ज दोन वर्षांच्या आत, आणि ग्रीन कार्डचा अर्ज एक वर्षानंतर. पहिली तारीख लोक आनंदाच्या भरात विसरतात.

मग फाइल तिच्या हातात द्यायची आणि आपल्याकडच्या प्रती कापून टाकायच्या. फोनमधले फोटोही पुसायचे. ती पुढे देवळात येईलच असं नाही. आमच्याकडची एक बाई निकालानंतर पुन्हा कधी दिसली नाही. नंतर एकदा किराणा दुकानात पोह्यांच्या पाकिटांपाशी भेटली, आणि मी तोंड उघडायच्या आत तिनंच विचारलं, "चहा घेणार का?"